काप्पाचं वर्गीकरण

काप्पाला बेडकांत घालायचं की कासवांत, या विवंचनेत कुसुमोतो मास्तरांच्या पुढ्यातला भात गार झाला.

मिझुसे गावातल्या नदीत एक खोल डोह होता. त्यात काप्पा नावाचं पाणभूत राहतं आणि पोरांना पाय धरून आत ओढतं, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. हल्ली पाहुणे यायला लागले होते, म्हणून डोहाजवळ माहितीची पाटी लावायचं गावसमितीने ठरवलं आणि ते काम जीवशास्त्राच्या या निवृत्त मास्तरांकडे आलं. काप्पाच्या डोक्यावर पाण्याची वाटी, तोंडाला चोच, पाठीवर कवच, अंग बुळबुळीत. मास्तर हरखून गेले होते.

"जन्मभर पोरांकडून बेडूक कापून घेतलेत," बायको हात्सुए म्हणाली. "आता जो नाहीच, त्याच्या पोटात शिरा."

"कवच निर्णायक आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी रंगाचा डबा उघडला.

पाटी लागली. 'काप्पा. वर्ग : सरीसृप. गण : कासव. आयुर्मान : शंभर वर्षांहून अधिक.' खाली मास्तरांचं नाव.

दुसऱ्याच दिवशी शिगे आजी दारात उभी राहिली. तिचा एकुलता एक मुलगा मिनोरू लहानपणी त्याच डोहात बुडाला होता. काप्पाने नेला, असं तेव्हा सगळं गाव म्हणालं होतं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती डोहात काकड्या सोडायची. काप्पाला काकडी आवडते. खाऊन पोराला नीट वागवेल, एवढीच तिची आशा.

"मास्तर, शंभर वर्षं म्हणजे तो अजून जिता आहे?"

"आजी, शास्त्राच्या दृष्टीनं बघायचं तर..."

"जिता आहे का नाही, तेवढं सांगा."

"कासव म्हटलं तर... असायला हरकत नाही."

आजीने मान डोलावली आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती डोहाच्या काठावर बसू लागली. गळाला काकडी आणि मांडीवर कोयता.

गावाने समजावून पाहिलं. तिचा नवरा गेन्झो रोज जेवणाचा डबा घेऊन यायचा, खाली मान घालून डबा ठेवायचा आणि परत जायचा. एकदा शेवाळावरून पाय घसरून आजी गळ्यापर्यंत पाण्यात गेली. मासे धरणाऱ्या दोघांनी तिला ओढून काढलं, तर "आत्ता सापडला असता की रे मेल्यांनो!" म्हणून तिने त्यांनाच फैलावर घेतलं.

"म्हातारी बुडाली तर पाटीवर नाव तुमचं आहे," हात्सुए म्हणाली.

मास्तरांना झोप लागेना. मग त्यांनी बुळबुळीत कातडीचा नव्याने विचार केला आणि पाटी पुन्हा रंगवली. 'वर्ग : उभयचर. बेडकाचा जवळचा नातेवाईक. आयुर्मान : फार तर दहा वर्षे.' मग ते स्वतः काठावर गेले.

"आजी, माझी चूक झाली. तो बेडकातला निघाला."

"म्हणजे मेला?"

"केव्हाच."

"कशानं?"

"वयानं."

आजीने गळ वर ओढून काकडी सोडवली. "म्हणजे सुखानं मेला," ती म्हणाली. मग कोयता गुंडाळून ती उठली आणि थेट देवळात गेली. तिला त्याचा अंत्यविधी करायचा होता.

"आजी, बेडकाचा अंत्यविधी?" देवळातले एन्काई महाराज चाचरले.

"मोडक्या सुयांचा करता, फुटक्या बाहुल्यांचा करता. यानं काय घोडं मारलंय? माझं पोर इतकी वर्षं याच्याकडेच होतं."

विधी झाला. सगळं गाव काळे कपडे घालून आलं. मयताचा नातेवाईक कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि त्यांना पुढच्या रांगेत बसावं लागलं. आजीने उदबत्ती लावली, हात जोडले. "जा बाबा," ती म्हणाली, "माझा आता तुझ्यावर राग नाही." बायका डोळे पुसू लागल्या. शास्त्राने माणसाच्या दुःखावर फुंकर घालताना मास्तर आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेन्झो आला. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. ओसरीवर टेकला.

"आजी बऱ्या आहेत ना?" मास्तरांनी विचारलं.

"काल देवळातनं आली. चहा केला. माझ्यासमोर बसली," गेन्झो म्हणाला. "म्हणाली, त्या दिवशी पोराला नदीवर तुम्ही नेलं होतंत ना? तो पाण्यात उतरला तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"आधी कधी विचारलं नव्हतं त्यांनी?"

"कधीच नाही. सगळा राग त्या काप्पावर होता ना."

"मग काय सांगितलंत?"

"अजून काही नाही. पिऊन झाडाखाली झोपलो होतो मी, मास्तर. ती तिथंच बसलीये. चूल पेटवली नाही, काही नाही. नुसती माझ्याकडं बघतेय."

आत हात्सुएच्या हातातली भांडी वाजायची थांबली.

"मास्तर," गेन्झो हळूच म्हणाला, "त्याचं परत कासव नाही का करता येणार?"

"त्याचा अंत्यविधी झालाय हो, आजोबा."

"हो," गेन्झो म्हणाला. "तेही खरंच."

हात्सुएने त्याच्यापुढे चहा आणून ठेवला. त्याने तो घेतला नाही. उन्हं उतरेपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग त्याने पायांत चपला सरकवल्या आणि उत्तर द्यायला घराकडे निघाला.