सही न करणारे परकारचाचा

एका मंगळवारी सकाळी माझा नवरा विनायक कामाला निघाला. इथे आखातात, रास अल खोरजवळ, एक पिकअप त्याच्या गाडीवर आदळला. विनायक गेला. पिकअपचा विमा अपुरा निघाला.

त्या आठवड्यात भेटायला आलेल्यांत खालच्या मजल्यावरचे परकारचाचा आणि चाची होते. तोवर आमची ओळख लिफ्टपुरतीच. चाचा रत्नागिरीकडचे, गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांचा धंदा करणारे. साऱ्या बिल्डिंगला त्यांच्याबद्दल एक गोष्ट पक्की माहीत होती: हा माणूस कशावरही सही करत नाही. कुरियरवाला आला की ते दारातूनच आत हाक मारतात, "अगं, तुझं गिऱ्हाईक आलंय." मुलाच्या प्रगतिपुस्तकावर कायम चाचीची सही असे, दुकानाच्या भाडेकरारावर भाच्याची. का, म्हणून विचारलं तर एकच उत्तर. "सही केली की खलास. तोंडाचा शब्द फिरवता येतो, कागद कोण फिरवणार?"

चाची सांगते, निकाहातसुद्धा हाच प्रकार. "कबूल म्हणाले पटकन. कागदाला मात्र अर्धा तास लावला. काझीसाहेब पेन धरून उभे, आणि तिकडे बिर्याणी निवली."

भेटायला आले त्या दिवशी चाचा मान खाली घालून बसले. मग म्हणाले, "वहिनी, घरात गाड्या किती?"

चाचीने त्यांना कोपर मारलं. "अहो, ही वेळ आहे का?"

"हीच वेळ आहे. दोन ना? आणि दोन्ही गाड्यांवर ड्रायव्हरच्या विम्याचे जादा पैसे भरलेत. विमा कंपनी म्हणेल, माणूस एक, विमा एकाच गाडीचा. दोन ताटांचे पैसे घ्यायचे आणि वाढायचं एकच."

मला माहीत नव्हतं. आमच्या घरात असले कागद विनायक बघायचा, मी पुस्तकं वाचायची. दोन दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं, ते जवळपास चाचांच्याच शब्दांत होतं.

अशी नऊ घरं चाचांनी हुडकून काढली. इथे सगळ्यांनी मिळून एकच दावा लावायची रीत नाही. म्हणून चाचांनी नऊ वेगळ्या तक्रारी लिहायला लावल्या आणि नऊही जणांना एकाच सकाळी विम्याच्या तक्रारी घेणाऱ्या एकाच खिडकीपुढे उभं केलं. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "तुम्ही सगळे नातेवाईक का?" चाचा म्हणाले, "आजपासून."

दर रविवारी संध्याकाळी त्यांच्या दुकानात बैठक व्हायची. खुर्च्या नव्हत्या. मोडीत निघालेल्या गाड्यांच्या सीट भिंतीला लावून ठेवलेल्या, त्यांवर आम्ही. देशपांडे नावाचे पुण्याचे इंजिनिअर मांडीचं हाड मोडून कुबड्यांवर यायचे. त्यांना हे सगळं फार ढिलं वाटे.

"चाचा, ही मीटिंग आहे की पिकनिक?"

"देशपांडे, रेलून बसा. तुमच्या सीटची एअरबॅग मी काढून ठेवलीय."

मग एकेक कागद निघे. चाचा माझ्याकडे ढकलत. "यल्ला, चला, पुस्तकवाल्या वहिनी, वाचा." मी इंग्रजी वाचायची, मराठीत सांगायची. मध्येच कोणीतरी ओरडे, "एका गाडीचे एकशेवीस दिरहम जास्त, म्हणजे पावणेतीन हजार रुपये बघा," आणि सगळे पुन्हा नव्याने चिडत.

नववं घर चाचांचं स्वतःचं. त्यांचा मुलगा इमरान घरची दुसरी गाडी चालवताना अपघातात गेला होता. हे आम्हाला चाचीने सांगितलं, एका वाक्यात. चाचा कधीच काही बोलले नाहीत. इमरानची फाइल पुढे आली की ते चहा आणायला उठत. आम्ही ती पटकन वाचून मिटून ठेवायचो.

अखेर कंपनी नमली. दोन्ही गाड्यांचा विमा द्यायला तयार झाली. अट एकच होती, गुरुवारी चारच्या आत नऊही जणांच्या सह्या. एक जरी कमी पडली तरी देकार मागे.

आमचा व्हिसा विनायकच्या नोकरीवरचा. मिळालेली मुदत सरत आली होती. हे पैसे हाती आले तर स्वतःचा व्हिसा काढून, इथे राहून मुलीची, मीराची, बारावी पार पडणार होती. नाही तर अर्ध्या वर्षात शाळा सोडून पुणे. गुरुवारी सकाळी तिने डबा भरता भरता विचारलं, "आई, जस्ट टेल मी. आर वी स्टेइंग ऑर नॉट?" मी म्हटलं, संध्याकाळी सांगते.

कंपनीकडून नायर नावाचा तरुण दुकानात आला. तोही एका सीटवर बसला आणि एकदम खाली रुतला. कोणी हसलं नाही. आठ सह्या झाल्या, माझीही झाली. तीन वाजून गेले होते.

"यल्ला, वाचा," चाचा म्हणाले.

मी वाचत शेवटच्या कलमापर्यंत आले. "सही करणारा या अपघाताबद्दल आणि या तडजोडीबद्दल यापुढे कोणाशीही बोलणार नाही."

"थांबा. अपघाताबद्दल कोणाशीच नाही?" चाचांनी विचारलं.

नायर म्हणाला, "सबका सेम है, सर. साइन कर दीजिए. चार बजे सिस्टम बंद हो जाता है."

चाचांनी कागद मांडीवर ठेवला आणि पेन नायरला परत दिलं. "मग नाही."

सगळे एकदम बोलू लागले. कोणी हात जोडले, कोणी चाचीकडे बघितलं. माझ्या डोळ्यांपुढे मीराचा डबा होता. तेवढ्यात देशपांडे कुबडी आपटून म्हणाले, "चाचा, इमरानबद्दल तुम्ही कधी बोलताच कुठे? मग न बोलण्याच्या कागदावर सही करायला तुमचं काय जातंय?"

 देशपांड्यांनाही आपलं बोलणं ऐकू आलं असावं. त्यांनी कुबडी हळूच आडवी ठेवली. मला वाटलं, चाचा आता चहा आणायला उठतील.

ते उठले नाहीत.

"इमरान कशावरही सही करायचा," ते म्हणाले. "न वाचता. जिमवाल्याने फसवलं, क्रेडिट कार्डवाल्याने फसवलं. एकदा मॉलमध्ये सही करून आला आणि घरी पाणी शुद्ध करायची तीन मशीनं आली. मी विचारलं, गाढवा, तीन? म्हणे, अब्बा, तो सेल्समन आपल्या खेडचा होता."

चाची हसली. मग तिने ओढणी तोंडाला लावली.

चाचा बोलत राहिले. इमरानला मासे आवडायचे पण काटे चाची काढून द्यायची, पंचविशी उलटली तरी. गाडी चालवताना बेसूर गायचा. त्या दिवशी निघताना चावी सापडत नव्हती, तेव्हा चाचांनी शोधून हातात दिली. "मी शोधून दिली," ते दोनदा म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळाकडे आम्ही सगळेच चोरून बघत होतो, पण त्यांना थांबवलं कोणीच नाही.

नायर फोन घेऊन बाहेर गेला. काचेतून दिसत होता, उन्हात येरझाऱ्या घालत कोणाला तरी समजावत होता. चार वाजायला थोडा वेळ असताना आत आला, कागद उघडले आणि नऊही प्रतींवर 'अपघाताबद्दल' हा भाग खोडला, 'तडजोडीबद्दल'च्या जागी 'तडजोडीच्या रकमेबद्दल' लिहिलं आणि बाजूला आपली सही केली. "फक्त तडजोडीची रक्कम कुणाला सांगू नका," तो हिंदीत म्हणाला. म्हणूनच मला हे लिहिता येतंय, आणि म्हणूनच इथे ती रक्कम नाही.

चाचांनी खोडलेली जागा बोटाने चाचपून बघितली. मग सही केली. सही कसली, शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर काढून पूर्ण नाव लिहिलं. नायरने फोटो काढून तिथूनच पाठवला.

"झालं?" चाचांनी विचारलं.

"खलास, सर."

चाचांनी पेन त्याला परत दिलं. मग म्हणाले, "चहा घेऊन जा."

मीरा आता बारावीत आहे. आम्ही त्याच घरात राहतो. देशपांडे कुबड्यांशिवाय चालतात, बाकीच्या घरांची फारशी गाठ पडत नाही. रविवारी संध्याकाळी चाचा आणि चाची वर आमच्याकडे येतात. चाचा इमरानबद्दल बोलतात. मला विनायकबद्दल अजून बोलता येत नाही.