ओरडण्याचं पेटंट

एका जंगलात, बाळांनो, ओरडायला कुणाची परवानगी लागत नसे. हसू नका. असंही जंगल होतं.

तिथे हुप्पाजी नावाचा वानर उंच झाडावर बसे. खाली ठिपकी नावाची चितळीण आपल्या पाडसाला घेऊन चरे. वाघ दिसला की हुप्पाजी ‘खॅक्’ करून ओरडे. ठिपकी पाडसासकट धूम ठोके. हुप्पाजी पाला खायला खाली उतरला आणि ठिपकीला वाघाचा वास आला, की ती ओरडे आणि हुप्पाजी झाडावर पळे. पाणवठ्याकडे वानर नसत, पण मोर असत. ते त्यांच्या आवाजात ओरडत. आवाज कुणाचा का असेना, जीव वाचे.

मग राजधानीत शिकलेले एक कोल्हे वकील जंगलात आले.

“हुप्पाजीराव, ही ‘खॅक्’ कुणाची?”

“माझी. म्हणजे आजोबांची. आमची सगळ्यांचीच.”

“सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. उद्या मोरानं स्वतःच्या नावावर केली तर?”

हुप्पाजीला घाम फुटला. त्यानं ‘खॅक्’चं पेटंट घेतलं. त्याच संध्याकाळी कोल्हे वकील मोरांच्या पुढाऱ्याकडे गेले.

“पिसारेशेठ, वानरानं आवाज नावावर केला. तुम्ही बसा नाचत!”

पिसारेशेठनं ‘उंचावरून ओरडणे’ हेच नावावर करून टाकलं.

आता जंगलात दोन इशारे झाले. वानर-इशारा आणि मयूर-इशारा. प्रत्येक चितळानं एकच निवडायचा. दुसऱ्याचा कानावर पडला तरी पळायचं नाही, अशी शपथ घ्यायची. फुकट पळणं म्हणजे चोरी. चितळं बिचारी शब्दाची पक्की. त्यांनी शपथ घेतली.

ठिपकीनं मात्र आधी विचारलं, “हुप्पादादा, पाणवठ्यावर तुझी रेंज नाही. तिथं वाघ आला तर?”

“पाणी कमी पी, ताई.”

“आणि माझ्या पाडसानं?”

“लहानांसाठी वेगळी योजना आहे. चौकशी करून सांगतो.”

चौकशी राहून गेली, कारण तेवढ्यात खटला उभा राहिला. पिसारेशेठ म्हणाले, वानर उंचावरून ओरडतो. हुप्पाजी म्हणाला, मोर वाघ पाहून ओरडतो, ती कल्पना माझी. कोल्हे वकील दोघांच्याही बाजूनं लढले. एकाचं बोलून झालं की झाड बदलत.

न्यायाधीश कोण? दोघांचाही नातलग नसलेला आणि विषयाचा जाणकार हवा. असा एकच होता.

वाघोबा खडकावर बसले. त्यांनी पहिलाच हुकूम काढला, “निकाल लागेपर्यंत दोन्ही पक्षांनी तोंड बंद ठेवावं. शांततेत मला नीट विचार करता येतो.”

सर्वांनी त्यांच्या निःपक्षपातीपणाचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी ठिपकी कुरणात चरत होती. शेजारी तिची बहीण बोरी होती. झाडावरून हुप्पाजीला गवतात पट्टे दिसले. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. त्याचे डोळे पाण्यानं भरले. ठिपकीनं सहज वर पाहिलं, तो चेहरा पाहिला, आणि पाडसाला ढुशी मारून पळत सुटली. बोरी गवत खात होती. तिनं वर पाहिलं नाही.

त्या दिवशी न्यायाधीश कामकाजाला जरा उशिरा आले. मिशा चाटत.

कोल्हे वकील मोराच्या झाडाखाली उभे राहिले. “महाराज, वानरानं तोंड दाबलं. तोंड दाबणं हाही इशाराच! हा न्यायालयाचा अवमान आहे.”

“माफी असावी,” हुप्पाजी हात जोडून म्हणाला. “यापुढे डोळे मिटून बसेन.”

वाघोबांनी निकाल दिला. “वानर म्हणतो आवाज माझा. मोर म्हणतो उंची माझी. पण मी आलोच नसतो, तर तुम्ही ओरडला असता का? मूळ शोध माझा. इतकी वर्षं माझ्यावर ओरडलात, मला विचारलंत का? यापुढे जंगलात एकच प्रमाण इशारा असेल. वाघ आल्याची सूचना वाघच देईल.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. हुप्पाजी आणि पिसारेशेठ गळ्यात गळे घालून रडले. अखेर वाद मिटला होता!

“मागचं मानधन राहिलं,” वाघोबा खडकावरून उतरत म्हणाले. “एक पाडस चालेल.”

ते ठिपकीच्या दिशेनं येऊ लागले. ठिपकीनं पाहिलं. वानर गप्प, मोर गप्प, सगळा कळप अदबीनं उभा.

“अरे, वाघ आलाय! पळा!” ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

निम्मी चितळं पळाली. ठिपकी आणि तिचं पाडस सर्वांत पुढे. ती दोघं नदी ओलांडून गेली ती परत आलीच नाहीत.

उरलेली निम्मी जागची हलली नाहीत. त्यांनी शपथ घेतली होती. त्यांनी कोल्हे वकिलांना विचारलं, “वकीलसाहेब, चितळानं चितळाला दिलेल्या इशाऱ्यावर पळता येतं का?”

वकीलसाहेबांनी फार अभ्यासपूर्ण उत्तर दिलं. ते संपलं तेव्हा ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: बाळांनो, संकट दिसलं की ठिपकीसारखं ओरडू नये, त्यानं न्यायाधीशांची उपासमार होते. आधी ओरडण्याचा हक्क कुणाचा ते विचारावं आणि उत्तर येईपर्यंत शांत उभं राहावं. नियम पाळणारं हरीण पचायला हलकं असतं.