‘थांब’ म्हणण्याची तरतूद नाही

दांपत्य समुपदेशकांची पद्धत सोपी होती. जोडप्यापैकी एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने उत्तर न देता, ‘मला असं ऐकू आलं की’ अशी सुरुवात करून तेच परत सांगायचे. उत्तर देणे म्हणजे जोडीदाराच्या भावविश्वात विनापरवाना प्रवेश करणे, असे त्यांनी आपल्या ग्रंथात नमूद केले होते. ग्रंथाचे नाव ‘ऐका, उत्तर देऊ नका’. तो हातोहात खपत होता.

पद्धतीचे परिणाम उत्साहवर्धक होते. एका जोडप्याच्या न्हाणीघरातला नळ गळत होता. नवऱ्याने तसे सांगितले. बायकोने तसे ऐकू आल्याचे सांगितले. मग बायकोने सांगितले, नवऱ्याने ऐकले. प्लंबर बोलावणे हे उत्तर ठरले असते, म्हणून तो विषय कोणी काढला नाही. पाणी मुरत मुरत खाली उतरले, छताचा पोपडा खालच्या जोडप्याच्या जेवणाच्या ताटात पडला, आणि ‘हे घर तुझ्याच भावाने सुचवलं होतं’ यावरून त्या दोघांत जुंपली. मग तेही समुपदेशकांकडे आले. या घटनेला समुपदेशकांनी ‘सुसंवादाचा प्रसार’ म्हटले.

अडचण आली ती त्यांच्या स्वतःच्या घरात. त्यांची पत्नी शाळेत गणित शिकवत असे. दूरच्या शहरातल्या एका शाळेने तिला मुख्याध्यापिकेची जागा देऊ केली. सोमवारी सकाळी कळवायचे होते.

“जाऊ का?” तिने विचारले. “मला मनापासून जायचं नाहीये. पण मी इथे असले काय नि नसले काय, तुला काही फरक पडतो का तेच कळत नाही. एकदा ‘थांब’ म्हण. बास.”

ती गेली तर घर खायला उठेल, हे समुपदेशकांना ठाऊक होते. शब्द अगदी ओठांवर आला. परंतु ग्रंथातल्या एका गाजलेल्या प्रकरणाचे शीर्षकच ‘थांब : दडपशाहीचा पहिला शब्द’ असे होते.

“मला असं ऐकू आलं,” ते म्हणाले, “की तू एका उंबरठ्यावर उभी आहेस.”

“मी ओट्यापाशी उभी आहे. उत्तर दे.”

समुपदेशकांच्या आई दारातून ऐकत होत्या. “अरे, दोन अक्षरांनी जीभ झडणार आहे का तुझी? म्हण की!”

“आई, तुझी अस्वस्थता मी समजू शकतो.”

“माझी कसली अस्वस्थता? बायको चाललीये तुझी, ठोंब्या!”

समुपदेशकांनी प्रकाशकांकडे धाव घेतली.

“सर, तुम्ही ‘थांब’ म्हणालात आणि बाहेर फुटलं, तर अख्खी आवृत्ती परत बोलवावी लागेल,” प्रकाशक म्हणाले.

“पण ती जाईल हो!”

“गेल्या तर दुःख आहेच. पण सर, दुःखाला वाचक आहे.”

तरीही माणुसकी म्हणून, पत्नीला काय म्हणावे हे ठरवण्यासाठी प्रकाशकांनी समिती नेमली. संपादक, विक्री व्यवस्थापक आणि वकील रविवारी सुट्टी मोडून बसले. वकील आणि संपादक घटस्फोटित असल्याने समितीला विषयाची जाण होती. ‘थांब’ संपादकांनी गाळला. ‘तू मला हवी आहेस’ हे वाक्य वकिलांनी मालकीहक्काच्या कारणावरून फेटाळले. संध्याकाळी मसुदा मंजूर झाला.

सोमवारी पत्नी हातात फोन घेऊन बसली होती. समुपदेशक समोर उभे राहिले आणि त्यांनी मसुदा म्हटला, “तुझ्या अस्तित्वाची मी आदरपूर्वक नोंद घेतो आणि तुझ्या निर्णयाला अवकाश देतो.”

“म्हणजे थांबू?”

समितीने उपप्रश्नाची तरतूद केली नव्हती. समुपदेशकांचे डोळे भरून आले. पत्नीने चष्मा पुसला, पुन्हा घातला, त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. मग शाळेला फोन लावून म्हणाली, “येते मी.”

ती बॅग भरत असताना सासूबाईंनी हळूच विचारले, “मीही येऊ का गं तुझ्याबरोबर?”

“चला ना, आई,” ती म्हणाली. उत्तर द्यायला तिला क्षणही लागला नाही.

रिकाम्या घरात समुपदेशकांनी ‘सन्मानपूर्वक निरोप’ हा दुसरा ग्रंथ लिहिला. पहिल्याहून जास्त खपला. पत्नी नेमकी कुठे कमी पडली हे तिला कळावे, म्हणून काही ओळींखाली रेघा मारून त्यांनी एक प्रत तिलाही पाठवली. पोच आली नाही.

प्रकाशनाच्या दिवशी सहीसाठी रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

“यांचं नाव घाला,” एक बाई म्हणाल्या. “यांना फार गरज आहे.”

मागे खुद्द ‘हे’ उभे होते. त्यांच्या हातातल्या प्रतीवर बाईंचे नाव घालायचे होते.

“तुमच्या स्वतःसाठी एखादी?” समुपदेशकांनी विचारले.

“मला कशाला?” दोघे एकदम म्हणाले. लग्नानंतर त्यांचे असे एकमत प्रथमच झाले असावे.

रांग संपेपर्यंत स्वतःसाठी प्रत घेणारे कोणी भेटले नाही. वाचकांच्या या निःस्वार्थ वृत्तीबद्दल प्रकाशकांनी जाहीर आभार मानले आहेत. प्रस्तुत कथा घरात कोणाला वाचायला द्यायची, हेही आपण एव्हाना ठरवले असेलच.