मोजून सोडलेली चिलापी

उत्कर्षाच्या खाणावळीचं उद्घाटन साडेअकराला होतं आणि भाऊ म्हणून विशालकडं एकच काम होतं, मध्ये लुडबुड न करणं. तेवढंही त्याला जमलं नाही.

भिगवणला हायवेच्या कडेला आठ टेबलं टाकून उत्कर्षानं चांगली नोकरी सोडून हा पसारा मांडला होता. चिलापी माशाची थाळी, वामीचा रस्सा, बाजरीची भाकरी. पहाटेपासून मसाला भाजून तिचे डोळे लाल झाले होते. पहिलाच रविवार बुडाला तर "मी म्हणलंच हुतं" एवढं म्हणायला सासरची माणसं सणसरहून जीप भरून येणारच होती.

विशाल बारामतीत एका कंपनीत कॉम्प्युटरपुढं बसतो. मागच्या वर्षी हिमाचलात ट्राउट धरायला शिकला आणि तिथंच बिघडला. त्या माशाला म्हणे गांडूळ चालत नाही! कोंबड्याचं पीस गळाला गुंडाळून खोटी माशी करायची, लांबलचक दोरीनं ती हवेत फिरवून पाण्यावर अलगद टेकवायची, आणि एवढा उपद्व्याप करून मासा लागला की त्याला परत सोडायचा. घ्या! ऑक्टोबर महिना, उजनी धरण तुडुंब; गडी खिसेच खिसे असलेलं जाकीट आणि गोल टोपी घालून सकाळी सातलाच गुडघाभर पाण्यात उभा.

अर्ध्या तासात चिलापी लागली, चांगली वीतभर. काठावर तानूबाई जाळ्यातला कचरा काढत बसली होती. चाळीस वर्षं मासे विकलेली बाई. तिच्या डोळ्यांदेखत विशालनं मासा उलटापालटा केला, त्याच्या तोंडात डोकावला, टेपनं मोजला, वहीत लिहिलं आणि सोडून दिला.

तानूबाईच्या हातातलं जाळं गळून पडलं.

"आरं सायेबा! चांगला मासा सोडला का?"

"आम्ही सोडतोच, मावशी. फक्त नोंद करतो."

"खात न्हाय?"

"छे! ताटात आला तरी मी हात लावत नाही."

आता तुम्हीच सांगा, बाईनं काय समजावं? वही घेऊन येतो तो सरकारी, आणि सरकारी माणूस फुकटचा मासा सोडतो म्हणजे माशातच काहीतरी भयंकर असणार. ती तडक मासळी बाजारात गेली आणि तिथून बातमी सगळ्यांच्या फोनात शिरली. नऊला "साहेबांनी मासा तपासला" होतं. दहाला "चाळीस मासे नापास". अकराला तर साहेब स्वतःच बेशुद्ध पडले होते.

साडेअकराला नारळ फुटला. गिऱ्हाईक एक नाही. सासरची माणसं तेवढी आली, ऐसपैस बसली आणि सगळ्यांनी अंडाकरी मागितली. सासूबाई कौसल्याबाई म्हणाल्या, "मी म्हणलंच हुतं."

उत्कर्षाचा नवरा हिंदुराव फोनवर फिरणारा साहेबांचा फोटो बघत होता. एकदम ओरडला, "आगं, ह्यो तर तुझा दादा हाय!"

विशालला पाण्यातून ओढून आणलं तेव्हा उत्कर्षाला रडूच फुटलं. "दादा, आरं माझ्या पोटावर पाय दिलास की!"

ऐकून विशालच्या तोंडचं पाणी पळालं. तो हायवेवर उभा राहून ओरडायला लागला, "मी सरकारी नाही हो! कॉम्प्युटरवाला आहे!"

"तपासणीचा सायेब कधी कबूल हुतो व्हय?" जमलेल्या गर्दीतून तानूबाई म्हणाली. "तसं आसंल तर खाऊन दाव."

विशालनं जन्मात मासा खाल्ला नव्हता. त्यानं बहिणीच्या तोंडाकडं पाहिलं आणि मुकाट्यानं ताटावर बसला. पन्नास फोन वर झाले. डोळे मिटून त्यानं चिलापीचा मोठा लचका तोंडात टाकला. चावला. डोळे उघडले.

"आईशप्पथ, लय भारी!"

गर्दी जरा पुढं सरकली. त्यानं दुसरा घास घेतला आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. डोळे बाहेर आले, तोंडातून शब्द फुटेना.

"मेला! मेला!" एकच कल्लोळ. कौसल्याबाईंनी अंडाकरीसुद्धा लांब सारली, हिंदुराव जीप काढायला धावला आणि उत्कर्षा डोक्याला हात लावून मटकन खाली बसली.

"गपा रं समदी!" तानूबाईनं विशालचा जबडा धरून आत पाहिलं. "काटा आडाकलाय." तिनं कोरड्या भाकरीचा गोळा त्याच्या तोंडात कोंबला. "चावू नगंस, गीळ!"

काटा उतरला. मग तिची नजर ताटाकडं गेली. मासा मधोमध फोडलेला, काट्यांसकट. तिला धक्काच बसला.

"आगं बया! ह्याला काटा काढाय येत न्हाय! ह्यो कसला माशाचा सायेब? माशाचा सायेब दोन मिंटांत मासा साफ करतोय, आन् डबा भरून घरी न्हेतोय ते येगळंच!"

हे मात्र सगळ्यांना पटलं. हसत हसत माणसं आत शिरली आणि टेबलं कमी पडली. जो तो विशालला बोलवून काटा कसा काढायचा ते करून दाखवत होता. तीनला पातेली खरवडली. कौसल्याबाईंना उरलासुरला रस्साच मिळाला.

संध्याकाळी विशाल बसलेल्या घशानं म्हणाला, "उत्के, चुकलं माझं. पुढच्या रविवारी मी इकडं फिरकणार नाही."

उत्कर्षा दचकलीच. "फिरकनार न्हाय म्हंजी? पाच टेबलं बुक झाल्यात. समदी इचारत्यात, काटा किती वाजता आडाकनार हाय म्हणून!"