फळ्यांची इस्त्री

रोहिदासने पुस्तकांचं कपाट घरीच करायचं ठरवलं, तेव्हा त्याला कोणी अडवलं नाही. (अडवू शकणारी एकच व्यक्ती, बायको स्वरूपा, त्या वेळी अंघोळीला गेली होती.)

कारण होतं सासरे. राजगुरुनगरचे हिंदुराव गोठ्याच्या दारापासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने करणारे गृहस्थ. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला त्यांनी भर पंगतीत सांगितलं होतं, "पाव्हणं गुणाचं हायेत, पण हातात काय न्हाई त्यांच्या." त्याला अकरा वर्षं झाली. रोहिदास चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टमधल्या चुका काढायचा त्याला पगार मिळतो. स्वतः काही बनवल्याची मात्र कुठे नोंद नाही. त्यामुळे ते वाक्य अजून टोचत होतं, आणि येत्या रविवारी हिंदुराव ताथवड्याला त्याच्या घरी जेवायला येणार होते.

दुकानदाराने मेलामाइनच्या पांढऱ्याशुभ्र पाच फळ्या मापात कापून दिल्या. "कडेची पट्टी मशीनवर लावून देऊ का?"

"नको, घरी इस्त्री आहे."

दुकानदाराने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पट्टीचं रीळ पिशवीत टाकलं.

फळी कापली की कडेतून आतला भुसा दिसतो, तो झाकायला ही पट्टी. तिच्या पाठीला गोंद असतो. वरून गरम इस्त्री फिरवायची आणि फळीबाहेर आलेला भाग छाटून टाकायचा, इतकंच काम. रोहिदासने त्याची एक पानी एसओपी, म्हणजे क्रमवार कृती, लिहून भिंतीला चिकटवली (ती नीट चिकटली) आणि इस्त्री 'कॉटन'वर ठेवली. पट्टी पापडासारखी फुगली. फुगा बसवायला त्याने इस्त्री तिथेच दाबून धरली, तेव्हा गोंद वितळून इस्त्रीला लागला. मग घाईने, सगळं गरम असतानाच, तो ब्लेडने कड छाटायला गेला. अख्खी पट्टी ब्लेडबरोबर निघून आली आणि येताना फळीचा एक टवकाही घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वरूपाच्या अबोली साडीवर इस्त्रीचा तपकिरी पट्टा उमटला.

"हे काय आहे?"

"गोंद असावा."

"असावा?"

"तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

स्वरूपाने इस्त्री कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. हा निर्णय अंतिम होता.

शुक्रवारी संध्याकाळी रोहिदासने पाचही फळ्या चादरीत गुंडाळल्या आणि सोसायटीच्या गेटशेजारी सोपानरावांची इस्त्रीची टपरी आहे, तिथे गेला. सोपानराव शिस्तीचा माणूस. नगावर निळ्या शाईने फ्लॅट नंबर टाकल्याशिवाय, शर्ट असेल तर कॉलरच्या आत, ते कशालाच इस्त्री लावत नाहीत.

"किती नग?"

"पाच."

सोपानरावांनी चादर सोडली. "सायेब, ह्यांची घडी न्हाई पडायची."

रोहिदासने अडचण सांगितली. सोपानरावांनी इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकला, त्याचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "शिल्कच्या साडीची गरमी बास." पट्टीवर सुती फडकं घालून त्यांनी इस्त्री सावकाश पुढे नेली. रोहिदास ब्लेड घेऊन पुढे सरसावला, तसं त्यांनी त्याचं मनगट धरलं. "गार झाल्याबिगर हात लावू नका."

गार झाल्यावर त्यांनी जादा कड कानशीने तिरकी घासून काढली. जोड कुठे आहे ते बोट फिरवूनही कळेना. रोहिदासला मनापासून हेवा वाटला.

"कुणाला सांगू नका," तो म्हणाला.

"मी कशाला सांगतोय?"

शनिवारी फळ्या वर्तमानपत्रात बांधून मिळाल्या. टवका मागच्या बाजूला फिरवून रोहिदासने कपाट उभं केलं. "छान झालंय," एवढंच स्वरूपा म्हणाली. ती एवढंच म्हणाली, इथेच त्याला संशय यायला हवा होता.

रविवारी जेवणाआधी हिंदुरावांनी कपाटाच्या कडांवरून अंगठा फिरवला. "पाव्हणं, ह्ये तुमी केलं?"

"हो मामा. घरच्या घरी."

हिंदुरावांनी वाकून वरच्या फळीच्या खालून पाहिलं. तिथे निळ्या शाईत लिहिलं होतं : बी-५०३. "ह्यो कसला नंबर?"

क्वालिटीतली पंधरा वर्षं अशा वेळी कामी येतात. "पार्ट नंबर, मामा. कंपनीची सवय. उद्या काही निघालं तर काम कुणाच्या हातचं, ते कळलं पाहिजे."

"हां, ह्ये बेस केलं," हिंदुराव म्हणाले आणि त्यांनी मान डोलावली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. रोहिदासला इतका आनंद झाला की सगळ्यात खालच्या फळीची कड दाखवायला तो खास धुतलेल्या, कडक इस्त्रीच्या शर्टासकट जमिनीपर्यंत वाकला.

मग त्याच्या मानेमागे, कॉलरच्या आत, एक जाडजूड बोट टेकलं.

"पाव्हणं, तुमच्यावर बी ह्योच नंबर हाय की."

रोहिदास वाकलेलाच राहिला. सरळ होण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याचे कान तापून लाल झाले.

"राहू द्या आण्णा," स्वरूपा स्वयंपाकघरातून वडिलांना म्हणाली. "गार झाल्याबिगर हात लावू नका."