पुंडलिकरावांचे लाजरे मासे

डोणगावात कुणाच्याही घरी जाताना चपला दाराबाहेर काढतात. पुंडलिकरावांकडे आवाजही बाहेर काढून ठेवावा लागे. ते ओट्यावर उभे राहून येणाऱ्याच्या कानाशी लागत आणि म्हणत, "मासे हायेत आत. खोकला असन तं इथंच खोकून घ्या."

हे सांगणारा माणूस अडतीत धान्याचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचा. ज्वारीच्या ढिगाशी उभं राहून पुंडलिकरावांनी "एक बार" म्हटलं की बाजाराच्या दुसऱ्या टोकाचे बैल कान टवकारत. माझी शाळा बाजाराला लागून. बाजाराच्या दिवशी मी गणित शिकवणं सोडून दिलं होतं, कारण फळ्यावरचे आकडे आणि पुंडलिकरावांचे भाव यांची पोरांच्या पाट्यांवर सरमिसळ व्हायची. घरही त्यांच्या भिंतीला भिंत लावून. त्यांनी देवापुढं पुटपुटलेली आरती मला इकडे पाठ झाली होती.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. गावात वीज यायची होती, पुढारी मात्र येऊ लागले होते.

पुंडलिकरावांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली. मूलबाळ नव्हतं. घरात एकटा माणूस आणि तो आवाज. एका चैत्रात त्यांची धाकटी बहीण वच्छला दुसरबीडच्या सासरहून एक ट्रंक घेऊन परत आली. नवऱ्यानं दुसरी केली होती.

दुःख झालेल्या घरी जाणं हे आमच्याकडे कर्तव्य समजतात, आणि या एका कर्तव्यात कुणी कसूर करत नाही. रोज दुपारी बायका येत. "आता कसं वं वच्छला?" "तो न्यायले येईन का?" "तुह्यातच काही उणं होतं का?" वच्छला आधी उंबऱ्यावरून चुलीपाशी सरकली. मग कुणी आलं की धान्याच्या कणगीआड उभी राहू लागली. एकदा पुंडलिकरावांनी बायकांना आपल्या बाजारच्या आवाजात हाकललं. बायका पदरात हसत गेल्या. वच्छला मात्र त्या रात्री जेवायलाही कणगीआडून बाहेर आली नाही. भावाच्या आवाजाला ती लहानपणापासूनच भीत होती.

त्यानंतर पुंडलिकराव अडतीच्या कामाला मुंबईला गेले आणि दुधाच्या किटलीत मासे घेऊन आले. मलकापूरपर्यंत किटली रेल्वेत मांडीवर, पुढं एस.टी.त मांडीवर. कंडक्टरनं किटलीचं तिकीट मागितलं तेव्हा म्हणाले, "मांडीवरच्या लेकराले तिकीट लागते का?"

मासे बोटाच्या पेराएवढे. अंगावर निळी रेघ, शेपटीकडे तांबडे. दूर कुठल्या जंगलातल्या सावलीच्या पाण्यातले म्हणे. उजेड पडला की लपत, काच वाजली की लपत, आणि काहीच झालं नाही तरी खबरदारी म्हणून लपत.

"भाऊ, कालवण कधी?" गावानं विचारलं.

"एवढ्याशा जिवात मीठ तरी मावन का बे?"

शुद्ध पाणी म्हणजे तांब्यातलं, याबद्दल गावात दुमत नव्हतं. पुंडलिकरावांनी घंगाळ चिंचेनं घासून लख्ख केलं आणि मासे त्यात सोडले. सकाळी सगळे उलटे तरंगत होते. भटजींनी, तांब्यात मरण आलं म्हणजे सद्गतीच, असं समाधान केलं. तांबं माशांना विष असतं, हे कळायला मला एक पुस्तक लागलं आणि पुंडलिकरावांना मुंबईची दुसरी खेप.

या वेळी घाई नव्हती; आधी टाकी, मग मासे. लोहाराकडून लोखंडी पट्ट्यांची चौकट आली, मेहकरहून काचा आल्या, सांध्यात लांबीचा लगदा भरला. टाकी गळाली. पुन्हा भरली, पुन्हा गळाली, मग थांबली. विहिरीचं पाणी जड. "ज्यात तुरीची दाळ शिजत नाही त्यात हे कसे राह्यतीन?" म्हणून पावसाळाभर पागोळ्यांचं पाणी रांजणात साठवलं. तळाला धुतलेली वाळू, पैनगंगेच्या डोहातली पाणवनस्पती, फुटक्या रांजणाची खापरं पालथी घालून केलेल्या गुहा. तीन बाजूंना काळं कापड, थंडीत उबेसाठी कापडाआड कंदील. कुणीतरी लोणारच्या खाऱ्या सरोवराचं पाणी घालायला सुचवलं. त्याला पुंडलिकरावांनी ओट्यावरूनच परत पाठवलं.

टाकी त्यांनी माजघरात ठेवली, अगदी कणगीजवळ. मी म्हटलं, "शोभेची वस्तू बैठकीत ठेवतात."

"शोभा नाही हे, मास्तर. राह्याची जागा हाय. ज्याले लपाले जागा भेटते, तोच बाहीर निघते."

"आणि एवढं लपवायचंच, तर आणले कशाला?"

"प्रश्न नोका इचारू. मासे बुजतात."

हा नियम सगळ्यांना होता. एका वेळी दोघांनीच यायचं, खाली बसायचं, हळू बोलायचं, विचारपूस करायची नाही. माशांना प्रश्न कळतात याला आधार काय, असं मी एकदा विचारलं. "पाहा," ते हताशपणे म्हणाले, "लपले." मासे त्याआधीही दिसत नव्हते.

दुपारची बायकांची गर्दी पातळ झाली. कुजबुजत कीव करता येत नाही. तिला थोडा मोठा आवाज लागतो. माशांना खायला घालायचं काम वच्छलाकडे आलं, कारण पुंडलिकरावांची सावली पडली तरी टाकी ओस व्हायची. पण माणूस आलं की ती कणगीआड जायची ती जायचीच.

अशात तालुक्याचे एक पुढारी विहिरीच्या उद्घाटनाला जीपमधून आले. कुणीतरी माशांची बातमी दिली, आणि गळ्यात हार तसाच ठेवून ते निम्म्या गावासह पुंडलिकरावांच्या दारात उभे राहिले. ओट्यावर नियम सांगितला गेला. आत पुढारी शिरले, मी शिरलो, आणि "मी तं शेजारीण हावो" म्हणत दुपारच्या बायकांतल्या कमळाकाकू शिरल्या. बाकीचे खिडकीला लोंबकळले.

"बंधुभगिनींनो," पुढाऱ्यांनी सुरुवात केली. पुंडलिकरावांनी ओठांवर बोट ठेवलं. पुढचं भाषण त्यांनी कुजबुजत केलं. मत्स्यव्यवसायाला चालना देण्याविषयी इतकं मनापासून बोललेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

मासे आले नाहीत. पुढाऱ्यांनी अंगठीनं काच वाजवली. पुन्हा वाजवली.

"पाणी मात्र छान आहे," ते म्हणाले.

"हर्रास पाण्याचाच हाय, साहेब," खिडकीतून कुणीतरी म्हणालं आणि बाहेर खसखस पिकली. पुंडलिकरावांच्या मानेच्या शिरा फुगल्या. आता बाजारचा आवाज निघणार, आणि मासे, काच, वच्छला, वर्षभराची मेहनत सगळंच जाणार, हे मला स्पष्ट दिसलं. त्यांनी तोंड उघडलं.

"बोट काढा काचेवरून."

आवाज कणगीमागून आला होता. वच्छला हातात वाटी घेऊन बाहेर आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि टाकीसमोर बसली. "खाली बसा. हालू नका." पुढारी हारासकट खाली बसले. तिनं वाटीतल्या डासांच्या अळ्या चिमटीनं पाण्यात सोडल्या. खापराखालून एक निळी रेघ निघाली, थांबली, मग दुसरी, मग सगळा घोळकाच तिच्या बोटांखाली आला.

कमळाकाकूंनी पुढं सरकून तोंड उघडलं. त्या काय विचारणार हे मला पाठ होतं.

"वच्छला," त्या कुजबुजल्या, "यातली मादी कोन्ती वं?"

"मोठ्या पोटाची असन, काकू. मले बी अजून समजून राह्यलं नाही."

"अन् पिल्लं?"

"पाह्यजा तुमी. सांज-सकाळ येत जा."

पुढारी केव्हा गेले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. काकू गेल्या नाहीत. मी बाहेर आलो तर पुंडलिकराव ओट्याच्या कडेला बसले होते.

"आत जा की," मी म्हटलं. "तुमचेच मासे. पहिल्यांदा सगळे बाहेर आलेत."

"नाही मास्तर. मी गेलो का वच्छी उठते, चुलीकडे पयते. बसू द्या तिले जराशी. मी इथून ऐकतो."

आतून काकू काहीतरी बोलल्या आणि वच्छला हसली. ती घरी आल्यापासून मी हे हसणं भिंतीपलीकडून एकदाही ऐकलं नव्हतं. तेवढ्यात वळणावरून एक बैलगाडी आली, बैलांच्या गळ्यात भरगच्च घुंगुरमाळा. पुंडलिकराव उठले आणि हात पसरून गाडीसमोर उभे राहिले.

"काऊन भाऊ, मासे निजले का?" गाडीवानानं विचारलं.

"हाव," पुंडलिकराव म्हणाले. मग दोन्ही बैलांच्या मानांमधे समोरून शिरून त्यांनी दोन्ही घुंगुरमाळा मुठींत घट्ट धरल्या, आणि गाडीबरोबर तसेच उलटी पावलं टाकत गल्लीच्या टोकापर्यंत गेले.