काकूंचा राहिलेला हात

अंगाला चादर गुंडाळून, एका हातात ढाल म्हणून परात धरून, दुसरा हात उगारून रोमची शपथ घ्यायला तुम्हाला कधी कोणी लावलंय का? मला लावलंय. इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सावंतकाकांच्या कॅनव्हासवर एकदाही न मेलेला मराठी पुरुष आता उरलेला नाही.

काका मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमध्ये सेफ्टी ऑफिसर आहेत. सुट्टीच्या दिवशी मात्र ते दोनशे वर्षांपूर्वीचे फ्रेंच चित्रकार असतात. तैलरंग, रोमन वीर, दगडातून कोरल्यासारखे दंड, आणि सगळं आरशासारखं गुळगुळीत. "ब्रशचा फटकारा दिसला की खलास," हे त्यांचं ब्रीद. आम्हा सैनिकांना उभं करण्याआधी ते आग लागली तर बाहेर पडायचा मार्ग दाखवून ठेवतात. खालच्या मजल्यावरचे अकाउंटंट पाटील मरणासन्न सेनापती म्हणून सोफ्यावर पडले आणि चक्क घोरायला लागले. काकांनी उठवलं नाही. प्रेत इतकं छान सैल पडलंय, म्हणाले.

माझं त्यांच्याशी भांडण तत्त्वाचं. ते फ्रेंच चित्रकार आधी क्रांतीची चित्रं काढत होते, मग सम्राटाचे मखमली झगे रंगवायला बसले. याला मी विकलं जाणं म्हणतो. काका शांतपणे ब्रश पुसत म्हणाले, "अरे, तैलरंग वाळायला वेळ लागतो. तेवढ्यात सरकार बदलायचं. चित्रकाराने करावं काय?" हे उत्तर मी अजून मान्य केलेलं नाही.

पण त्यांच्या घरात कोपऱ्यात शैलाकाकूंचंही एक चित्र होतं. संगमरवरी मान, साडीची एकेक चुणी जागच्या जागी, आणि उजव्या मनगटाच्या पुढे नुसता कोरा कॅनव्हास. वर्षानुवर्षं तसाच. वीरांची बोटं भराभर उतरवणारा माणूस बायकोच्या हाताशी अडतो, म्हणून मी चिडवायचो. काकू पाहुण्यांना सांगायच्या, पोळ्या लाटायला लागतो ना, म्हणून चित्रात दिला नाही.

मग काकूंच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं. मुलगी मुंबईहून आली. ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलात काका प्रत्येक मजल्यावरचे आग विझवायचे सिलिंडर तपासत फिरू लागले, तेव्हा तिने त्यांना जेवायला घरी पिटाळलं. मी डबा घेऊन गेलो, तर ते त्या चित्रासमोर बसलेले. धीर द्यावा म्हणून म्हटलं, आता तो हात रंगवून टाका, काकू आल्या की बघतील.

"पुरं झालं की भिंतीवर लावावं लागेल," ते म्हणाले. "आणि आपल्याकडे भिंतीवरच्या तैलचित्राला काय घालतात रे? हारच ना?"

एरवी अंधश्रद्धेवर मी तासभर बोललो असतो. मी डबा उघडला.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. ऑपरेशन नीट पार पडलं होतं, काकू शुद्धीवर येत होत्या. काकांनी फोन ठेवला, डब्यातला सगळा भात संपवला, आणि मग बराच वेळ रिकाम्या डब्यात चमचा फिरवत बसले. मीही उठलो नाही.

काकू आता घरी आल्यात. आल्या आल्या चित्रासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "माझा हात द्या बघू. मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय." रोम थांबलंय. रोज संध्याकाळी त्या खुर्चीत बसतात, काका अंगठ्यापर्यंत पोचलेत, आणि काकू मध्येच हात हलवून चहा मागतात म्हणून वैतागलेत.

चित्र हॉलमध्ये लागेल त्या दिवशी सगळ्यांना बोलावणं आहे. तुम्हीही या. हात हलवत आलात तरी चालेल, पण कृपा करून फुलं आणू नका.